आरसे बांधलेल्या डिंगऱ्या

भिकाबाईचा वाफा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भर दुपार होती, आणि मला वाटलं, झाडांना कुणीतरी पाण्याचे थेंब बांधून ठेवलेत. औंढ्याहून माळावर चढणारी वाट तांड्यात शिरते तिथं पहिलंच घर तिचं. घरामागं छातीएवढ्या उंच झाडांची दाटी. पांढरी, मधूनच जांभळट झाक असलेली बारीक फुलं, त्यांच्यावर मधमाश्यांची एकसारखी गुणगुण, आणि काही झाडांना बांधलेल्या रंगीत चिंध्यांत लुकलुकणारे गोल आरसे.

मी कृषी पदविका नुकतीच पुरी केली होती. एका संस्थेच्या पाणलोटाच्या कामावर त्या माळात चर आखायला जायचे. झाड ओळखायला मला वेळ लागला नाही. मुळाच तो. पण असा मुळा मी कधी पाहिला नव्हता. आमच्या घरी मुळा उपटायचा राहून गेला, की तो फुलायचा आणि त्याला बोटाच्या पेरांएवढ्या शेंगा यायच्या. त्यांना डिंगऱ्या म्हणतात. आई त्यांची एखाद्या वेळी भाजी करायची आणि विषय संपायचा. इथं डिंगऱ्या वीतभर लांब होत्या, टोकाकडं जांभळ्या, आणि झाड त्यांच्या ओझ्यानं वाकलेलं.

"काय बघून राहिली गं पोरी?" मागून आवाज आला.

उंच, काटक बाई. हातात कोपरापर्यंत बांगड्या, अंगावर फेटिया, म्हणजे तांड्यातल्या जुन्या बायका घालतात तो आरसे जडवलेला घागरा.

"मावशी, हा मुळा उपटला नाही तुम्ही?"

"उपटून काय करू? खाली हाय काय त्याला?" तिनं कडेचं एक झाड उपटून माझ्यापुढं धरलं. खाली करंगळीएवढी, लाकडासारखी मुळी. "माझी जाऊ म्हनते, भिकाबाईच्या मुळ्याला डोकं हाय, पाय न्हाईत."

मग तिनं एक डिंगरी मोडून दिली. मोडताना काकडीसारखा आवाज झाला. चावली तर आधी नुसतं पाणी, मग गोडसर चव, आणि अगदी शेवटी जिभेच्या मुळाशी मुळ्याचा तो ओळखीचा चटका. मी दुसरी मागितली. ती हसली. त्या दिवसापासून माझी दुपारची भाकरी भिकाबाईच्या ओसरीवर ठरलेली.

तिची हकिगत मला तिथंच, तुकड्यातुकड्यांनी कळली.

ब्याण्णव सालची गोष्ट. दसरा झाल्यावर अख्खं घर ऊसतोडीला निघालं. मागं एकटी सासू राहणार होती. तिच्यासाठी म्हणून भिकाबाईनं न्हाणीच्या दगडापाशी मूठभर मुळ्याचं बी फेकलं आणि ती बैलगाडीत बसली. सासूला दात नव्हते. तिनं एकही मुळा उपटला नाही. माघात गाडीचं चाक अमरसिंगच्या, म्हणजे भिकाबाईच्या नवऱ्याच्या, पायावरून गेलं आणि हंगाम अर्धा टाकून सगळे परत आले. घरात पीठ होतं, पण कोरड्यासाला, भाकरीशी लावून खायला, काही नव्हतं. न्हाणीपाशी मात्र डिंगऱ्यांचं रान माजलं होतं.

"होळीपस्तोर त्याच खाल्ल्या," भिकाबाई सांगायची. "शिजवून खाल्ल्या, तव्यावर परतल्या, मिठात घातल्या. लेकरं म्हनायची, याडी, आता आमच्या कानातून डिंगऱ्या निघतेल." याडी म्हणजे आई.

खाता खाता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. उन्हं वाढली तशा सगळ्या झाडांच्या डिंगऱ्या दोरीसारख्या चिवट झाल्या. एका झाडाच्या मात्र झाल्या नाहीत. त्या लांबत गेल्या आणि कोवळ्याच राहिल्या. त्या झाडाला कुणी हात लावू नये म्हणून तिनं जुन्या फेटियाचा आरसेवाला तुकडा फाडून त्याला बांधला.

"शेळी आरशाला भिते काय मावशी?"

"शेळीला काय कळतंय? शेळीसाठी काट्या लावल्या. आरसा माणसासाठी."

त्या एका झाडाचं बी तिनं पुढच्या कार्तिकात टाकलं. अर्ध्याहून जास्त झाडं साधीच निघाली. अमरसिंग म्हणाला, झालं तुझं कौतुक. शेंगा धरायला लागल्या तशी ती रोज सकाळी वाफ्यात शिरायची, प्रत्येक झाडाची एक डिंगरी तोडायची, कच्ची चावायची. चिवट लागली, फार तिखट लागली, की झाड मुळासकट उपटून शेळीपुढं. उरलेल्यांतल्या सगळ्यांत चांगल्यांना आरसा. असं पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी, आणि त्यानंतरही.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, तो का ते सांगायला हवं. मुळ्याच्या झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत. बी धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात आणि ते मधमाश्या आणतात. त्यामुळं चांगल्या झाडाच्या पोटीही दर वर्षी वाईट झाडं जन्मणारच. यातून चांगला वाण उभा करायचा तर पिढ्यान्‌पिढ्या निवड करत राहावी लागते. आम्हाला वर्गात हे शिकवलं होतं तेव्हा फळ्यावर चौकोन काढले होते. इथं बारा वर्षं एका बाईनं ते काम दातांनी केलं होतं, हाताशी एक शेळी घेऊन.

तिचं स्वतःचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "झाड आरशात सोताला बघतंय. म्हून त्याची लेकरं त्याच्यावानी व्हतेत."

मी तिला पराग समजावून सांगितले. फूल उकलून दाखवलं, माशीच्या पायाला लागलेली पिवळी पूड दाखवली. तिनं ती पूड बोटावर घेऊन बघितली.

"मंजे सोयरिकी ह्या माश्या जुळवतेत म्हन," ती म्हणाली. "अन्‌ मी बसले आरसे बांधत."

मग कडेच्या एका साध्या झाडाकडं तिनं पाहिलं, आणि ते उपटून टाकलं.

दोन हजार चार सालचा हा हिवाळा. एक गोष्ट तिनं मला चिंतेनं सांगितली होती. आदल्या पावसाळ्यात छत गळलं आणि बियांच्या मडक्यात पाणी गेलं. बी बुरशीनं काळं पडलं. जे थोडं वाचलं ते सगळंच्या सगळं तिनं कार्तिकात पेरलं. घरात एक दाणा उरला नव्हता. तिची बारा वर्षं आता त्या आरसे बांधलेल्या झाडांवर लोंबत होती. त्यांच्या शेंगांना ती कुणालाही हात लावू देत नव्हती. त्या झाडावरच पिकायच्या, वाळायच्या आणि त्यांचं बी व्हायचं.

महाशिवरात्रीला औंढ्यात जत्रा असते. भिकाबाईची धाकटी लेक शितल लग्नाची झाली होती. गोरेगावच्या बाजूच्या तांड्यातलं एक घर जत्रेला येणार होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडायला आणि मुलगी बघायला ते भिकाबाईकडं येणार होते. पारण्याचं जेवण, त्यामुळं मटणाचा प्रश्नच नव्हता.

त्या सकाळी भिकाबाई पाव्हण्यांना आणायला खाली रस्त्यापर्यंत गेली. स्वयंपाक सुनेवर, पुजावर होता. पुजा मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. तिची बहीण बाळंतीण, म्हणून माघाचा महिना ती माहेरी होती, शिवरात्रीच्या तोंडावर परतली होती. झाडांना आरसे बांधले गेले ते ती नसताना. या घरातलं पाव्हण्यांचं तिचं हे पहिलंच जेवण. मी पोचले तेव्हा ती घामानं निथळत होती आणि चेहरा नुसता उजळलेला.

पाव्हणे बसले. नवऱ्या मुलाचे वडील हरिचंद मिशा पुसत पाटावर बसले. ताटं आली. वरण, भात, पुरी, आणि मधोमध अख्ख्या शिजवलेल्या लांबच लांब डिंगऱ्या, वरून कारळाचं कूट.

भिकाबाई वाढायला वाकली आणि तशीच थांबली. रोजच्या भाजीत ती डिंगऱ्या बारीक चिरायची. ह्या अख्ख्या होत्या, आणि ही लांबी तिला ओळखीची होती. "पाणी आनते," म्हणून ती मागच्या दारानं गेली. मीही मागोमाग गेले.

आरसे बांधलेली सगळी झाडं ओकीबोकी होती. शेंड्याला तेवढी चारदोन फुलं. साध्या झाडांच्या डिंगऱ्या जशाच्या तशा होत्या. एकही हललेली नव्हती. भिकाबाईनं एका झाडाचा दांडा हातात धरला. नुसता धरला. बांगड्या वाजल्या नाहीत, इतकी ती स्थिर होती.

मग तिनं तांब्या भरला आणि आत गेली.

"ही कशाची भाजी म्हनावी?" हरिचंद विचारत होते.

"डिंगऱ्याची," भिकाबाई म्हणाली.

"डिंगऱ्या? आमच्याकडं डिंगरी मंजे नखाएवढी. ही तर चाबकावानी हाय! अन्‌ मऊ किती."

"सुनेनं केली माझ्या. तुमच्यासाठीच राखून ठेवल्या हुत्या."

दाराआड पुजाचा घुंघट हलला. ती हसली असणार.

"अजून वाढा," हरिचंद म्हणाले. "अन्‌ विहीणबाई, याचं बी द्याल काय आमाला?"

विहीणबाई म्हणाले म्हणजे सोयरीक जुळल्यातच जमा होती. सगळ्यांचे चेहरे फुलले. भिकाबाईच्या हातातला चमचा भाजीत होता. तिनं तो भरून त्यांच्या ताटात रिकामा केला.

"देऊ की. झालं की देऊ."

मी आजवर पुष्कळ माणसांना संकटात बघितलंय. बाराव्या वर्षी सगळं हातचं गेलं हे कळल्यावर तेच दुसऱ्याच्या ताटात आणखी वाढणारं माणूस तेवढं एकच बघितलं.

पाव्हणे गेल्यावरही ती पुजाला काही बोलली नाही. पण तांड्यात गोष्ट राहते कुठं? जाऊ रुख्मिणीबाई वाफ्याकडं गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं बया! भिके, तुझ्या सुनेनं बियाचा पार भुगा केला की गं!"

पुजाला तेव्हा कळलं. ती मटकन खाली बसली.

"याडी, मला काय म्हाईत? आमच्या तांड्यात पाव्हण्याच्या मानाचं जे असंल त्याच्यावर आरशाचं कापड टाकतेत. मला वाटलं, तुमी शितलच्या पाव्हण्यासाठीच ही झाडं राखली. म्हून दुसऱ्याला हात बी लावला न्हाई मी."

खरंच होतं ते. मानाचं कापड बघून पुजानं मान राखला होता.

"मी जाते माहेरी," पुजा रडत म्हणाली. "मला न्हाई राहायचं तोंड दाखवत."

"जा की," भिकाबाई म्हणाली. "पर रडायचंच असंल तर त्या वाफ्यात जाऊन रड. तेवढंच पानी मिळंल झाडाला."

पुजानं वर पाहिलं. रुख्मिणीबाई आधी फसकन हसली. मग रडता रडता पुजाही.

मला त्याच वेळी सुचलं ते मी बोलले. मुळ्याची शेंग तोडली की झाडाला वाटतं आपलं काम राहिलं. पाणी मिळालं तर ते पुन्हा फुटतं, पुन्हा फुलतं. शेंड्याला अजून फुलं आहेत. "पण मावशी, ऊन वाढतंय. उन्हात फूल गळतं, शेंग धरत नाही. आणि बाकीची साधी झाडं फुलत राहिली तर माश्या त्यांचेच पराग आणतील. ती काढावी लागतील. सगळी."

"सगळी?" रुख्मिणीबाई म्हणाली. "मंग यंदा बाजारात काय नेईल ही, आरसे?"

भिकाबाईनं वाफ्यावरून एकवार नजर फिरवली. डिंगऱ्यांचा ऐन भर होता. औंढ्याच्या बाजारात तिची वाट बघणारी गिऱ्हाइकं होती.

"उपट गं पुजा," ती म्हणाली. "तिकडून तू धर, हिकडून मी धरते."

संध्याकाळपर्यंत वाफा उजाड झाला. तांड्यातल्या घराघरांत त्या दिवशी डिंगऱ्या शिजल्या, शेळ्यांची चंगळ झाली, आणि मधोमध आरसे बांधलेली तेवढी झाडं उघडी पडली, केस कापलेल्या लेकरांसारखी.

पुढं जे झालं ते मी येता जाता पाहिलं, आणि मला अजूनही ते नीट सांगता येत नाही. ओढा आटला होता. पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं. भिकाबाईनं घरात फर्मान काढलं, की आंघोळ वाफ्याच्या कडेला दगड टाकून तिथंच करायची. भांडी तिथंच विसळायची. तुरीची काढणी झाली होती. त्या तुऱ्हाट्या तिनं आणि पुजानं बांधून मावळतीच्या बाजूनं कूड उभा केला, वरून जुनी लुगडी पसरली. झाडांवर मावा पडला तर चुलीतली राख चाळून सकाळच्या दवात शिंपडायची. अमरसिंग लंगडत येऊन कुडाची गाठ आवळून जायचा आणि म्हणायचा, "पोरांची न्हाई केली इतकी ही मुळ्याची करून राहिली."

झाडं फुटली. काखेतून नवे दांडे आले, त्यांवर फुलं आली. पण कडक उन्हात ती गळू लागली. सकाळी पांढरा सडा पडलेला असायचा. मधमाश्याही कमी झाल्या. माळावर त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं, आणि प्यायला पाणीही नव्हतं. मी तसं म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी वाफ्यात एक परात होती. पाण्यानं भरलेली, आत खडे, माश्यांना बसायला. खड्यांची कल्पना पुजाची.

"सोयरिकी जुळवनाऱ्याला पानी तरी पाजावं," भिकाबाई म्हणाली.

परातीवर माश्या आल्या. आणि एका सकाळी पुजानं मला हाताला धरून नेलं आणि बोट दाखवलं. गळलेल्या फुलांच्या जागी सुईएवढी हिरवी शेंग होती. मग दुसरी दिसली. मग आम्हाला सगळीकडं दिसायला लागल्या. मी शिकलेली बाई, मला त्याचं कारण माहीत होतं, तरी मी तिथं तोंड उघडं टाकून उभी राहिले. अख्खा माळ करपलेला, दगड हाताला चटका देणारे, आणि एका लुगड्याच्या सावलीत हे चाललेलं.

धरल्या त्या शेंगा आखूड होत्या, थोड्याच होत्या. वैशाखात त्या वाळून पांढऱ्या पडल्या. मुळ्याची वाळली शेंग सहज फुटत नाही, भेंडासारखी चिवट असते. दोघी सासू-सुना ओसरीवर बसून काठीनं बडवत होत्या, सुपानं पाखडत होत्या. शेवटी सुपाच्या कोपऱ्यात तांबूस दाणे उरले. भिकाबाईनं ते ओंजळीत घेतले. ओंजळ भरली नाही. एक तळहात भरला.

त्यातला चौथा हिस्सा तिनं बाजूला काढला.

"हे कुनाचं?" पुजानं विचारलं.

"हरिचंदाचं. शितलसंगं धाडायचं."

"याडी! आपल्यालाच इतकं, अन्‌ त्यातलं देता?"

"शब्द दिला न्हाई काय मी? भाजी तू वाढली, शब्द मी वाढला."

कार्तिकात पेरणी झाली तेव्हा मी हजर नव्हते. संस्थेचं काम सेनगावकडं सरकलं होतं. जाणं झालं ते माघात, मुद्दाम. वाट चढताना मी मनाशी तयारी करत होते. उन्हात धरलेलं, कमी झाडांत जुळलेलं बी. काय निघालं असेल कोण जाणे.

लांबूनच भांडण ऐकू आलं.

"ठेव म्हनते ना मी! किती लांब हाय बघ. सगळ्या वाफ्यात असं झाड न्हाई."

"लांब हाय, पर चावून बघा ना."

"चावली मी."

"तुमच्या दाढा आता किती राहिल्या, याडी? तुमाला समदंच मऊ लागतंय."

"ऐकलं का गं पोरी?" भिकाबाईनं मला पाहून हाक मारली. "माझ्याच वाफ्यात मला दात इचारून राहिली ही."

त्या झाडाच्या डिंगऱ्या खरंच विलक्षण होत्या. मी आजवर पाहिलेल्या सगळ्यांत लांब. पुजानं मला एक दिली. मी चावली. पहिल्यांदा पाणी, मग गोडी, आणि मग दातांत एक बारीक धागा अडकला. मी काही म्हणायच्या आत दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी धागा काढून दाखवला.

भिकाबाईनं तो माझ्या बोटावरून घेतला, उजेडात धरला, ताणून बघितला. मग तिनं झाडाकडं पाहिलं, खालपासून वरपर्यंत.

पुजा थांबली नाही. तिनं झाड बुडाशी धरलं, एका हिसक्यात उपटलं आणि कुंपणापलीकडं शेळीपुढं टाकलं. तेवढ्यात ती पुढच्या झाडाशी पोचलीही होती. तिथली डिंगरी मोडली, चावली, डोळे मिटून चघळत उभी राहिली.

"हं," भिकाबाई म्हणाली, "सांग आता. हे कसं हाय?"